सात कोटींचा आकडा आणि एक कंत्राटी व्याख्याता

१७ एप्रिल २०१३ रोजी ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाकडे मूळ संख्यांमधल्या अंतरांवरचा एक प्रसिद्ध प्रश्न सोडवल्याचा दावा करणारा शोधनिबंध आला. लेखक यितांग झांग. हुद्दा व्याख्याता, विद्यापीठ न्यू हॅम्पशायर, वय ५८. अमेरिकेत आल्यापासून या माणसाच्या नावावर दखल घेण्याजोगा छापील निबंध एकच होता, तोही २००१ सालचा. अंकशास्त्रातल्या, म्हणजे गणितातल्या ‘नंबर थिअरी’च्या, लोकांना विचारलं असतं तर बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंही नसतं.

प्रसिद्ध प्रश्न सोडवल्याचे दावे अशा नियतकालिकांकडे येतच असतात. त्यांतले बहुतेक पहिल्या दोन पानांत गळपटतात. हा गळपटला नाही. १६ मेला दुरुस्त प्रत गेली, २१ मेला निबंध स्वीकारला गेला. म्हणजे एकूण ३४ दिवस. या नियतकालिकात एरवी वर्ष-दीड वर्ष वाट पाहणं काही विशेष मानत नाहीत. परीक्षकांमध्ये हेन्रिक इवानिएत्स आणि जॉन फ्रीडलँडर होते. ज्या प्रदेशात झांग घुसले होते तिथल्या वाटा याच दोघांनी १९८० च्या दशकात एन्रिको बाँबिएरींबरोबर आखल्या होत्या. याहून कडक परीक्षक मिळणं अवघड होतं, आणि माझ्या मते याहून चांगलेही.

ही गोष्ट आपल्याकडे साधारणपणे ‘सबवेत सँडविच बनवणारा माणूस जगप्रसिद्ध गणिती झाला’ अशी फिरते. प्रेरणादायी व्याख्यानांत ती छान खपते. मी काही वर्षं तासिका तत्त्वावर बीएस्सीला गणित शिकवलं आहे, म्हणून मला या प्रकरणात सँडविचपेक्षा हुद्द्याचं कुतूहल जास्त आहे. व्याख्याता म्हणजे नेमकं काय, आणि त्या पदावर बसून हे काम कसं झालं?

चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी

झांग यांचा जन्म १९५५ चा, शांघायचा. शाळेच्या वयात सांस्कृतिक क्रांती आली आणि त्यांची रवानगी आईबरोबर शेतावर झाली. माध्यमिक शाळा हुकलीच. पुढची वर्षं मजुरीत गेली. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर १९७८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ते पेकिंग विद्यापीठात दाखल झाले. पदवीनंतर पान चेंगब्याओ या अंकशास्त्रज्ञाकडे पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात पीएचडीसाठी गेले.

तिथे विषय बदलला. अंकशास्त्र सुटलं आणि जेकोबियन अटकळ गळ्यात पडली. बीजभूमितीतला हा प्रश्न चुकीच्या सिद्धतांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि भल्याभल्यांना त्याने तोंडघशी पाडलं आहे. झांग यांचा प्रबंध १९९१ मध्ये पूर्ण झाला, पदवी मिळाली, पण त्यातून छापण्यासारखा निबंध निघाला नाही. आधीच्या ज्या निष्कर्षावर काम उभं होतं तोच कच्चा निघाला, असं झांग यांचं म्हणणं. नोकरीसाठी मार्गदर्शकाचं शिफारसपत्र त्यांच्याजवळ नव्हतं. ते मिळालं नाही की मागितलंच नाही, याबाबत दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात, आणि त्या वादात मला शिरायचं नाही. परिणाम एकच: छत्तिसाव्या वर्षी पीएचडी, निबंध शून्य, पत्र शून्य. अमेरिकेतल्या गणित विभागांत अशा अर्जाचा निकाल लिफाफा उघडण्याआधीच लागलेला असतो.

पुढची सात-आठ वर्षं हिशेबनीस, न्यूयॉर्कमध्ये एका रेस्टॉरंटसाठी घरपोच सेवा, केंटकीत मोटेल आणि एका परिचिताच्या सबवे दुकानात काम, अशी गेली. काही दिवस गाडीत झोपूनही काढले. या वर्षांबद्दल मला फार काही लिहावंसं वाटत नाही. त्यांतून ‘घडणं’ वगैरे काही झालं नाही. ती वर्षं वाया गेली. तरी एक गोष्ट सुटली नव्हती: जवळपासच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन नवी नियतकालिकं वाचणं.

१९९९ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या जुन्या ओळखींमधून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शब्द टाकला गेला. तिथे केनेथ अ‍ॅपेल होते. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे १९७६ मध्ये वोल्फगांग हाकेन यांच्यासोबत संगणकाच्या मदतीने सिद्ध करणारे तेच अ‍ॅपेल. त्या सिद्धतेवर ‘हे गणित आहे का?’ अशी टीका त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. चौकटीत न बसणारा अर्ज पाहून त्यांनी नाक मुरडलं नाही, त्यामागे हे असेल का, असं मला नेहमी वाटतं. अर्थात हा माझा अंदाज. झांग यांना शिकवण्याचं काम मिळालं आणि पुढे व्याख्यातापद.

व्याख्याता म्हणजे कोण

इथे मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे ‘लेक्चरर’ म्हणजे कायम नोकरीची पहिली पायरी. सहाव्या वेतन आयोगानंतर त्याचंच नाव ‘सहायक प्राध्यापक’ झालं. अमेरिकेत मात्र व्याख्याता ही पायरीच नाही. जिन्याशेजारची ती वेगळी खोली आहे. जिना सुरू होतो सहायक प्राध्यापकापासून आणि पाच-सहा वर्षांनी ‘टेन्युअर’, म्हणजे कायमपण, मिळतं किंवा मिळत नाही. व्याख्यात्याचं काम शिकवणं. करार ठरावीक मुदतीचा, पगार कमी आणि संशोधनाची अपेक्षा नाही. प्रगती अहवालात शोधनिबंधांचा रकाना कोरा राहिला तरी कोणी विचारत नाही.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा प्राणी म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, सीएचबीवाला. पण झांग यांची स्थिती त्याहून बरीच बरी होती. आमच्याकडे तासाला तास लावून मानधन, सुट्टीत काही नाही आणि नवीन वर्षाला पुन्हा मुलाखत. मला आठवतंय, एका मुलाखतीत समितीतल्या सरांनी माझी फाइल उलटीपालटी केली, मागच्या पानावर काही चिकटवलंय का ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘पब्लिकेशन कुठायत?’’ नियुक्ती होती आठवड्याला नऊ तासांची. संशोधनाला वेळ द्यायचा नाही, मात्र निबंधांची संख्या मागायची, ही आपली खास रीत. झांग यांना वेळही कोणी वेगळा काढून दिला नाही, पण संख्याही कोणी मागितली नाही.

त्या खोलीत ते चौदा वर्षं राहिले. कॅल्क्युलस आणि बीजगणित शिकवलं. विद्यार्थ्यांमध्ये शिक्षक म्हणून नाव चांगलं होतं. पत्नी कॅलिफोर्नियात, हे दुसऱ्या टोकाला. २००१ मध्ये ‘ड्यूक मॅथेमॅटिकल जर्नल’मध्ये झीटा या मूळ संख्यांशी निगडित फलनाच्या विकलजाच्या शून्यांवर एक निबंध आला, आणि मग पुन्हा शांतता.

भिंत कुठे होती

जोडमूळ संख्या आपण शाळेतच शिकतो: ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९. फरक दोनचा. अशा जोड्या कधी संपतात का? संपत नसाव्यात असं सगळ्यांना वाटतं, सिद्ध कोणालाच करता आलेलं नाही. मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात. दहा लाखांच्या आसपास लगतच्या दोन मूळ संख्यांत सरासरी १४ चं अंतर असतं, आणि एकावर शंभर शून्यं इतकं पुढे गेलं की सुमारे २३० चं. सरासरी अंतर असं अमर्याद वाढत असताना, एखाद्या ठरावीक मर्यादेच्या आतल्या जोड्या मात्र कायम सापडत राहतात का? दोनचा हट्ट सोडा, कोणतीही एक मर्यादा सांगा. २०१३ पर्यंत हेही कोणाला सांगता येत नव्हतं.

२००५ मध्ये डॅन गोल्डस्टन, यानोश पिंट्स आणि जेम यिल्दिरिम दाराशी येऊन थांबले होते. त्याआधी २००३ मध्ये गोल्डस्टन आणि यिल्दिरिम यांनी जाहीर केलेल्या सिद्धतेत अँड्र्यू ग्रॅनव्हिल आणि के. सौंदरराजन यांनी चूक काढली होती. दोन वर्षांनी पिंट्स यांच्या साथीने काम पुन्हा उभं राहिलं आणि या वेळी टिकलं. सरासरी अंतराच्या कितीही लहान अंशाइतक्या जवळच्या जोड्या मिळतात, इतकं सिद्ध झालं. पण सरासरीच वाढत असते, तेव्हा तिचा लहानसा अंशही शेवटी वाढतच जातो. मर्यादा हाती आली नव्हती.

अडचण एका अपूर्णांकाशी होती. दहाने भागल्यावर मूळ संख्यांची बाकी १, ३, ७, ९ यांत साधारण समसमान वाटली जाते. भाजक मोठा घेतला तरी हे समान वाटप टिकतं का? १९६५ च्या बाँबिएरी-विनोग्रादोव प्रमेयानुसार, दहा लाखांपर्यंतच्या संख्या पाहत असाल तर साधारण हजारापर्यंतच्या भाजकांसाठी सरासरीने टिकतं. म्हणजे संख्येच्या वर्गमुळापर्यंत, घातांक अर्धा. गोल्डस्टन आणि मंडळींच्या चाळणीला, म्हणजे मूळ संख्या वेचून काढायच्या त्यांच्या पद्धतीला, अर्ध्यापेक्षा केसभर जास्त हवं होतं. केसभर मिळालं की मर्यादा मिळाली. २००५ च्या शेवटी या विषयातली मोठी माणसं कॅलिफोर्नियात एकत्र बसली, या केसभर अंतरावर चर्चा झाली आणि ती हात हलवत परत गेली. हे अंतर जाण्यासारखं नाही, असा सूर पुढे लागला.

झांग त्या बैठकीत नव्हते. त्यांना कोणी बोलावणार नव्हतंच. त्यांनी गोल्डस्टन आणि मंडळींचा निबंध वाचला आणि तीन-चार वर्षं त्यावर डोकं आपटलं.

३ जुलै २०१२. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी ते एका संगीत-संचालक मित्राच्या घरी उतरले होते. सोबत कागद, पुस्तक, संगणक काही नाही. संध्याकाळी संगीताच्या कार्यक्रमाला निघायचं होतं, अर्धा तास हाताशी होता. परसात कधी कधी हरणं यायची म्हणून ते पाहायला बाहेर गेले. हरणं आली नाहीत. युक्ती सुचली.

युक्ती कोणती, ते सुट्ट्या पैशांच्या भाषेत सांगता येतं. खिशात पाचशेची एकच नोट असेल तर ३७० आणि १३० असे दोन भाग करता येत नाहीत. तेच पाचशे दहा-दहाच्या नोटांत असतील तर हवे तसे दोन ढीग पाडता येतात. भाजकांचंही तसंच. एखाद्या भाजकाचे सगळे मूळ अवयव लहान असतील तर त्याचे हव्या त्या आकाराचे दोन गुणक पाडता येतात, आणि मग जुनी अवजारं अर्ध्याच्या पलीकडे चालू लागतात. झांग यांनी दाखवलं की चाळणीला सगळे भाजक लागतच नाहीत, ‘सुट्टे’वाले पुरतात. असाच विचार योइची मोतोहाशी आणि पिंट्स यांनी २००८ मध्ये मांडलाही होता. पण अशा भाजकांसाठी उंबरठा खरोखर ओलांडून दाखवणं, हे झांग यांचं. किती ओलांडला? अर्धा अधिक एक भागिले ५८४. केसभर म्हणतात ते हे.

सात कोटीच का

निबंधातला निष्कर्ष असा: सात कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वर्तमानपत्रांनी या आकड्याची गंमत केली. सात कोटी म्हणजे काय जवळ? पण अनंताच्या तुलनेत सात कोटी म्हणजे अंगणच. आणि हा आकडा आला कुठून हे वर्गात फळ्यावर सांगता येण्याइतकं सोपं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एक साचा घ्या: कोणत्याही संख्येत ०, २, ६ मिळवून तीन संख्या तयार करायच्या. ५ घेतला तर ५, ७, ११, तिन्ही मूळ. ११ घेतला तर ११, १३, १७, पुन्हा तिन्ही मूळ. आता साचा ०, २, ४ घ्या. ३, ५, ७ जमतात आणि मग खेळ संपतो, कारण अशा तीन संख्यांतल्या एकीला तीनने भाग जातोच. साचा चांगला कधी? कोणत्याही मूळ संख्येने भागल्यावर मिळणाऱ्या सगळ्या बाक्या त्यात भरून गेलेल्या नसतील तर.

झांग यांची चाळणी म्हणत होती: ३५ लाख सदस्यांचा चांगला साचा द्या, मी अनंत वेळा त्यातल्या किमान दोन जागी मूळ संख्या आणून देते. मग अंतराची मर्यादा म्हणजे साच्याची लांबी. असा साचा आणायचा कुठून? झांग यांनी सर्वांत सोपी वाट धरली: ३५ लाखांहून मोठ्या मूळ संख्याच ओळीने उचलायच्या. ३५ लाखांपर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने त्यांना भाग जात नाही, म्हणजे शून्य बाकीची जागा रिकामी. त्याहून मोठ्या मूळ संख्येच्या बाक्याच ३५ लाखांहून जास्त, त्या ३५ लाख सदस्यांनी भरणार कशा? साचा चांगला. आता सात कोटींपर्यंत गेलं की अशा ३५ लाखांहून अधिक मूळ संख्या मिळतात. झालं. मर्यादा सात कोटी.

आकडा कमी करायला वाव उघड दिसत होता. झांग यांनी तो घेतला नाही. त्यांना मर्यादा आहे एवढंच सिद्ध करायचं होतं, किती ते महत्त्वाचं नव्हतं. एखाद्या तरुण संशोधकाने यातून पुढचे तीन निबंध काढले असते.

बातमी फुटल्यावर

१३ मे २०१३ रोजी हार्वर्डमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. जूनमध्ये नामवंत गणिती टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने अनेकांनी मिळून जाहीरपणे काम करण्याचा ‘पॉलिमॅथ’ प्रकल्प उघडला आणि आकडा जवळपास रोज घसरू लागला. जुलैअखेर तो ४६८० वर आला.

नोव्हेंबरमध्ये मात्र वेगळंच घडलं. नुकतीच ऑक्सफर्डची पीएचडी घेतलेल्या जेम्स मेनार्ड यांनी मर्यादा ६०० वर आणली, आणि तीही अर्ध्याचा उंबरठा न ओलांडता! त्यांनी चाळणीच नव्याने विणली. जुनं १९६५ चं प्रमेय तिला पुरत होतं. टाओ स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले होते. एप्रिल २०१४ पर्यंत आकडा २४६ झाला. एकाने कुलूप फोडून दार उघडावं आणि सहा महिन्यांत कळावं की शेजारची खिडकी उघडीच होती, तसं झालं. मेनार्ड यांना २०२२ मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं. चाळिशीची अट असलेलं ते पदक झांग यांच्या वाट्याला येणं कधीच शक्य नव्हतं.

यामुळे झांग यांच्या कामाचं मोल कमी होतं का? मला तसं वाटत नाही. पण ‘एकांडा प्रतिभावंत’ ही कथा मात्र इथे डळमळते. झांग एकटे काम करत होते, तरी त्यांच्या टेबलावर गोल्डस्टन, पिंट्स, यिल्दिरिम, बाँबिएरी, फ्रीडलँडर, इवानिएत्स हे सगळे होते. याच कारणाने आपल्याकडे लगेच होणारी देवळालीच्या द. रा. कापरेकरांशी तुलना मला पटत नाही. कापरेकर मास्तरांनी ६१७४ सारख्या गमती हमरस्त्यापासून दूर, स्वतःच्या शेतात पिकवल्या. झांग हमरस्त्यावरच्या सर्वांत गजबजलेल्या चौकात उभे होते, फक्त कोणाला दिसत नव्हते.

विद्यापीठाने मग घाई केली. व्याख्याता थेट पूर्ण प्राध्यापक झाला, मधल्या पायऱ्या गाळून. ऑस्ट्रोव्स्की पुरस्कार, कोल पुरस्कार, रॉल्फ शॉक पुरस्कार, मॅकआर्थर फेलोशिप, सगळं वर्ष-दीड वर्षात. २०१५ मध्ये ते सँटा बार्बराला कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. ज्यांनी त्यांना १९९९ मध्ये आत घेतलं ते अ‍ॅपेल १९ एप्रिल २०१३ ला वारले, निबंध पाठवल्यावर दोनच दिवसांनी.

पदाचा हिशेब

या प्रकरणाकडे विभागप्रमुखाच्या खुर्चीतून पाहिलं तर उत्तर सरळ नाही. चौदा वर्षांतल्या कोणत्याही वर्षी झांग यांची फाइल उघडली असती तर तिच्यात कायम करण्यासारखं काही नव्हतं. शिकवणं चांगलं, निबंध एक. याच्यावर पैज लावा असं कोणत्या समितीला सांगायचं? गप्प बसलेले बहुतेक व्याख्याते झांग नसतात, हे मी स्वतः गप्प बसलेला असल्यामुळे सांगू शकतो. विद्यापीठाने हुशारीने त्यांना सांभाळलं असंही नाही. त्याने केलं ते इतकंच, की नेमून दिलेले वर्ग घेणाऱ्या माणसाला उरलेल्या वेळाचा जाब विचारला नाही. टेन्युअरच्या जिन्यावर असते तर पाच वर्षांत सहा-सात निबंध दाखवावे लागले असते, आणि ते या प्रश्नावरचे नसते. पण त्या जिन्यावर असते तर त्यांना २००५ च्या बैठकीचं आमंत्रण मिळालं असतं, शेजारी विचारायला माणसं असती, आणि कदाचित हे सगळं आधीही झालं असतं. यातलं कोणतं खरं, ते एका उदाहरणावरून ठरत नाही.

झांग यांच्या पद्धतीची दुसरी बाजूही याच प्रकरणात आहे. २००७ मध्ये त्यांनी लांडाउ-सीगल शून्यांवर, म्हणजे झीटासारख्या काही फलनांना एका नको त्या जागी शून्य असू शकतं का या प्रश्नावर, एक मसुदा जाहीर केला होता. हा प्रश्न जोडमूळ संख्यांइतका ओळखीचा नाही, पण जाणकारांच्या लेखी त्याहून वजनदार. त्या मसुद्यात खिंडारं होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी त्याच प्रश्नावर १११ पानांचा नवा मसुदा ठेवला. मूळ अटकळीपेक्षा त्यातला निष्कर्ष कमजोर आहे, तरी खरा ठरला तर सात कोटींना झाकोळून टाकेल. त्यातल्या मुख्य प्रमेयात एका लॉगॅरिदमचा घातांक उणे २०२२ आहे. तो साल पाहून ठेवल्यासारखा दिसतो, आणि सात कोटींसारखाच तोही कमी करता येईल. परीक्षकांची मोहोर त्यावर अजून उमटलेली नाही, आणि या वेळी ती चौतीस दिवसांत उमटली नाही एवढं नक्की.